रेडियम नसलेली रेडियमची पाटी

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे पडते आणि शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर करमाड लागते. या परिसरातल्या एका शाळेसमोर काही वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला एक पाटी लावण्यात आली. पांढरा त्रिकोण, त्याला लाल कडा, आत पळणारी दोन काळी मुले. 'पुढे शाळा आहे' असे सांगणारी ही खूण आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. ट्रक, ट्रॅक्टर आणि कारखान्यांच्या बसगाड्यांची सतत ये-जा असलेल्या रस्त्यावर तिची गरज वेगळी सांगायला नको.

पहिल्या वर्षी पाटी झकास होती. दुसरा पावसाळा संपेपर्यंत लाल कडा गुलाबी झाली, तिसऱ्या उन्हाळ्यात ती जवळजवळ पांढरी पडली. शिक्षकांनी वर्गणी काढून गावातल्या पेंटरला बोलावले. त्याने हौसेने संपूर्ण पाटी ऑइलपेंटने पुन्हा रंगवली. लाल लाल झाले, पांढरे पांढरे झाले, आणि मुलांच्या आकृत्या तर पूर्वीपेक्षाही रेखीव आल्या. सगळ्यांना समाधान वाटले.

त्यानंतरच्या डिसेंबरात संध्याकाळी जादा तास संपल्यावर आम्ही तिथून मोटारसायकलने निघालो. दिव्याच्या झोतात पुढच्या वळणाची पाटी लखलखत होती. शाळेची पाटी मात्र अगदी जवळ येईपर्यंत दिसलीच नाही. दिवसा नवी कोरी दिसणारी पाटी रात्री नाहीशी झाली होती, आणि हिवाळ्यात मुले रस्ता ओलांडतात ती नेमकी अंधार पडताना.

यात पेंटरचा दोष नव्हता, शिक्षकांचाही नव्हता. पाटी कशी बनते हे कुणी त्यांना सांगितलेच नव्हते. ती माहिती इतिहासातून सांगणे सर्वांत सोपे आहे, कारण या पाट्या बनवणाऱ्यांपुढे गेली शंभर वर्षे एकच अडचण आहे. उन्हापावसात उभी राहणारी पाटी अनेक थरांची असते, आणि ती तिच्यातल्या सर्वांत कच्च्या थराइतकीच टिकते.

नावातले रेडियम

आपल्याकडे अशा चमकणाऱ्या पट्टीला सर्रास 'रेडियम' म्हणतात. गावोगावी 'रेडियम'ची दुकाने आहेत आणि तिथे नंबरप्लेटपासून देवाच्या नावापर्यंत सारे कापून मिळते. या पट्टीत रेडियम औषधालाही नसते. मग हे नाव आले कोठून?

रेडियमचा शोध मेरी आणि पिअर क्यूरी यांनी १८९८ मध्ये लावला. पुढे रेडियमचे संयुग आणि झिंक सल्फाइड यांच्या मिश्रणातून अंधारात स्वतःहून चमकणारा रंग तयार झाला. रेडियममधून बाहेर पडणारे अल्फा कण झिंक सल्फाइडवर आदळतात आणि त्यातून प्रकाश निघतो. घड्याळांच्या तबकड्यांवर हा रंग लावत. अमेरिकेत हे काम करणाऱ्या तरुण मुली कुंचल्याला टोक काढण्यासाठी तो ओठांत धरत. त्यातून रेडियम पोटात जाऊन अनेकींना हाडांचे भयंकर विकार झाले. १९२० च्या दशकातल्या या प्रकरणानंतर कामगारांच्या सुरक्षिततेचा विचार गांभीर्याने होऊ लागला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे, तरी जुन्या घड्याळांचे काटे आज चमकत नाहीत. रेडियम जिथल्या तिथे असते, पण अल्फा कणांच्या माऱ्याने झिंक सल्फाइड निकामी होते. एक घटक हजारो वर्षे टिकणारा, दुसरा काही वर्षांत संपणारा, आणि घड्याळाचे आयुष्य ठरले ते दुसऱ्यावरून.

रस्त्यावरची पट्टी स्वतः प्रकाश देत नाही. आपल्याच गाडीचा प्रकाश ती आपल्याकडे परत पाठवते. अंधारात चमकणे एवढ्या साम्यावरून लोकांनी तिला जुने नाव दिले आणि ते चिकटून राहिले.

लोखंडावर काच

चमकणाऱ्या पाटीच्या आधी टिकणारी पाटी आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये लोखंडी पत्र्यावर काचेच्या भुकटीचा लेप देऊन तो सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजायची पद्धत पाट्यांसाठी वापरात आली. काच वितळून लोखंडाला घट्ट धरते. रंगासाठी धातूंची ऑक्साइडे वापरतात, आणि ती काचेतच मुरलेली असल्यामुळे उन्हाने विटत नाहीत. घरातले जुने एनॅमलचे टोप आणि ताटे हा त्याच कुळातला प्रकार. जुन्या घरांवरचे निळे-पांढरे क्रमांक किंवा दुकानांवरच्या जुन्या जाहिराती पाहिल्या तर रंग शाबूत आणि कडा मात्र गंजलेल्या दिसतात. दगड लागून काचेचा टवका उडाला की लोखंड उघडे पडते, आणि गंज तिथून आत शिरतो. म्हणजे इथे कच्चा थर रंगाचा नसून खालच्या पत्र्याचा.

दिवसा किंवा दिव्याखाली वाचायच्या पाटीसाठी ही पद्धत आजही उत्तम आहे. मात्र गुळगुळीत काचेवर पडलेला प्रकाश आरशासारखा दुसरीकडे निघून जातो आणि रंगावर पडलेला सर्व दिशांना विखुरतो. चालकाच्या डोळ्यांपर्यंत त्यातला अगदी थोडा पोहोचतो. बैलगाडीच्या काळात त्याने काही बिघडत नव्हते. मोटारी आल्या, त्यांचा वेग वाढला, आणि काळोखात दोनशे मीटरवरून वाचता येईल अशा पाटीची गरज भासू लागली.

मांजराचे डोळे आणि काचेचे मणी

प्रकाश ज्या दिशेने येतो त्याच दिशेने परत पाठवण्याला आपण 'उलटपावली परावर्तन' म्हणू. मांजराच्या डोळ्यांत ते घडते: पुढे भिंग, मागे चकाकणारा पडदा. इंग्लंडच्या रिचर्ड हॉलिन्स मरे यांनी १९२७ मध्ये पाट्यांसाठी अशा परावर्तक भिंगांचे पेटंट घेतले. यॉर्कशायरच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या 'मांजराच्या डोळ्यां'चे पेटंट घेतले आणि पुढच्या वर्षी कंपनी काढली. शॉ यांची युक्ती केवळ भिंगांत नव्हती. काचेचे डोळे त्यांनी रबरी बैठकीत बसवले. वरून चाक गेले की रबर दबते, डोळे आत जातात आणि रबराच्या कडेने पुसले जातात. धूळ हा पाटीचा शत्रू आहे हे त्यांनी आधीच ओळखले होते.

पाटीवर एकेक भिंग बसवत राहणे मात्र खर्चिक होते. अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीने वेगळा मार्ग घेतला. वाळूच्या बारीक कणांएवढे काचेचे लाखो मणी एका शीटवर पसरायचे. या शीटची पहिली पाटी १९३९ मध्ये मिनियापोलिस शहराच्या सीमेवर उभी राहिली. योगायोग असा की त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात मोटार वाहन कायदा झाला. करमाड तेव्हा निजामाच्या राज्यात होते.

काचेचा गोळा हे काम कसे करतो, हे दहावीच्या प्रकाशाच्या धड्यावरून समजते. R त्रिज्येच्या गोळ्याचा अपवर्तनांक n असेल, तर समांतर किरण गोळ्याच्या केंद्रापासून nR / 2(n−1) एवढ्या अंतरावर एकत्र येतात. साध्या काचेसाठी n = १.५ धरला तर हे अंतर १.५R येते, म्हणजे किरण गोळ्याच्या बाहेर जुळतात. n = २ असेल तर ते बरोबर R येते, म्हणजे किरण गोळ्याच्या मागच्या पृष्ठभागावरच जुळतात. तिथे चकाकणारा थर असेल तर ते आले त्याच वाटेने परत जातात. गोलाकार पृष्ठभागाचे दोष लक्षात घेऊन प्रत्यक्षात सुमारे १.९ अपवर्तनांकाची काच वापरतात.

आता पाऊस आला असे समजा. मण्याच्या पुढे हवेऐवजी पाणी आले. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून परिणामी n उरतो १.९ ÷ १.३३, म्हणजे सुमारे १.४३. सूत्रात घातला तर अंतर सुमारे १.६६R येते. किरण आता मागच्या थरावर जुळत नाहीत आणि पाटी विझते. नेमक्या पावसाळी रात्री न दिसणारी पाटी काय कामाची?

या एका अडचणीने पुढची पंचवीस वर्षे व्यापली. त्या काळातली तीन अमेरिकी पेटंटे ही गोष्ट थोडक्यात सांगतात. १९४३ चे गेबहार्ड आणि सहकाऱ्यांचे पेटंट उघड्या मण्यांच्या शीटचे. १९४६ चे पामक्विस्ट आणि सहकाऱ्यांचे पेटंट मणी पारदर्शक प्लास्टिकमध्ये पूर्ण बुडवणारे. वरचा पृष्ठभाग सपाट झाल्याने पाणी बाहेरच राहिले. पण मण्याभोवती आता हवेऐवजी प्लास्टिक असल्याने त्याहून जास्त अपवर्तनांकाची काच लागली, मणी आणि आरसा यांच्यात मोजून अंतर ठेवावे लागले, आणि परत येणारा प्रकाश मर्यादितच राहिला. १९६५ च्या मॅकेन्झी यांच्या पेटंटाने दोन्हींचा मेळ घातला. मण्यांच्या पुढे हवा ठेवायची, तिच्यावर पारदर्शक पडदा ताणायचा आणि जाळीसारख्या रेषांवर तो सीलबंद करायचा. अशा शीटवर बारीक षटकोनी किंवा चौकटींची जाळी दिसते. ती नक्षी नाही, हवेच्या खोल्यांच्या भिंती आहेत. एका खोलीत पाणी शिरले तरी शेजारच्या खोल्या कोरड्या राहतात.

कोपऱ्यातले आरसे

दुसरी वाट भूमितीची. एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन आरशांच्या कोपऱ्यात कोठूनही टाकलेला किरण तीन परावर्तनांनंतर आला त्याच दिशेने परत जातो. अमेरिकेत जोनाथन स्टिमसन यांनी १९३० च्या सुमारास या तत्त्वावर परावर्तक बनवले. सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर हा त्याच घराण्यातला. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर असेच १०० काचेचे कोपरे असलेली चौकट ठेवली. पृथ्वीवरून सोडलेले लेसर किरण ती आजही परत पाठवते. मात्र परत येणारा प्रकाश अपेक्षेहून बराच कमी असल्याचे मोजमापांत आढळले आहे. चंद्रावरची धूळ हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. जिथे पाऊस नाही, वारा नाही, तिथेही धूळ आहेच.

हे कोपरे मिलिमीटरच्या अंशाएवढे बारीक करून प्लास्टिकच्या शीटवर साच्याने उठवणे जमले, तेव्हा पाट्यांच्या इतिहासातला पुढचा टप्पा सुरू झाला. १९८९ पासून अशा प्रिझमच्या शीटा रस्त्यांवरच्या पाट्यांसाठी मोठ्या प्रमाणावर येऊ लागल्या. फरक आकड्यांत पाहू. ठरावीक कोनांतून मोजताना बुडवलेल्या मण्यांच्या पांढऱ्या शीटने प्रति लक्स, प्रति चौरस मीटर किमान ७० कँडेला प्रकाश परत द्यावा असा दंडक आहे. हवेच्या खोल्या असलेल्या मण्यांच्या शीटसाठी तो २५० आहे, तर महामार्गांवर वापरायच्या प्रिझमच्या एका वरच्या प्रकारासाठी ५८०.

प्रकाश तंतोतंत आल्या वाटेनेच परत गेला, तर तो गाडीच्या दिव्याकडे जाईल आणि चालकाला काहीच दिसणार नाही. दिवा आणि डोळा यांत अंतर असते, ट्रकचालकाच्या बाबतीत तर ते बरेच मोठे. म्हणून परतीचा प्रकाश किंचित पसरावा लागतो. शीट निवडताना 'किती चमकते' याइतकेच 'कोणाला चमकते' हेही विचारावे लागते.

आपले रस्ते, आपली प्रमाणे

हिंदुस्थानातल्या रस्त्यांचा पद्धतशीर विचार सुरू झाला तो एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष मुकुंद रामराव जयकर होते. तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीच्या अहवालातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. रस्त्यांवरच्या चिन्हांसाठीची तिची 'आयआरसी ६७' ही संहिता १९७७ ची. तिच्या सुधारित आवृत्त्या २००१, २०१०, २०१२ आणि २०२२ मध्ये निघाल्या. पाटीचा आकार, अक्षरांची उंची, शीटचा वर्ग आणि मागचा पत्रा यांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वे तीत सापडतात.

मागच्या पत्र्याचीही एक कथा आहे. लोखंड गंजते म्हणून ॲल्युमिनियम आले. पण ॲल्युमिनियमला भंगारात चांगला भाव येतो, म्हणून पाट्या चोरीला जाऊ लागल्या. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेला संमिश्र पत्रा आज चालतो. तो हलका आणि सपाट असतो, आणि भंगारवाल्याला त्यात फारसा रस नसतो. टिकाऊपणाचे गणित असे केवळ रसायनशास्त्राचे राहत नाही.

आता आपल्या दारातल्या वाहनाकडे पाहू. उच्च सुरक्षा नंबरप्लेटची तरतूद २००१ मध्ये झाली आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना ती वाहनासोबतच मिळू लागली. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर परावर्तक शीट चिकटवतात, यंत्राने दाबून अंक उठवतात आणि फक्त उठलेल्या भागावर गरम ठशाने काळी पन्नी बसवतात. अंक अपारदर्शक काळे, बाकी सारे चमकते. झोतात अंक काळे आणि स्पष्ट दिसतात. अशा प्रकारे बनवलेली पाटी दुकानात बसून सहजी नक्कल करता येत नाही, हा या पद्धतीचा आणखी एक फायदा.

कोणती पद्धत कोठे?

शाळेच्या पाटीचे काय चुकले, हे आता सांगता येईल. लाल रंगाची गंमत अशी की परावर्तक शीटवर तो पारदर्शक असावा लागतो. दिव्याचा प्रकाश रंगातून आत जातो, मण्यांवरून किंवा प्रिझमवरून परततो आणि पुन्हा रंगातून बाहेर येतो. रंग अपारदर्शक असेल तर प्रकाश आत पोहोचतच नाही. ऑइलपेंट नेमका अपारदर्शक असतो. पेंटरने पांढऱ्यावर पांढरा रंग दिला तेव्हा त्याने लाखो मण्यांवर झाकण घातले. काळ्या आकृत्यांना तो चालला असता, कारण काळे अपारदर्शकच हवे.

पण मूळ लाल उडाला तो का? ती पाटी संगणकाच्या फवारा-छपाई यंत्रावर छापलेली होती आणि वर संरक्षक पारदर्शक पडदा नव्हता. या छपाईत लाल रंग किरमिजी आणि पिवळ्याच्या अतिशय पातळ थरांतून तयार होतो, आणि उन्हातले अतिनील किरण बहुधा याच दोन रंगांना लवकर खातात. त्यात हा रस्ता साधारण पूर्व-पश्चिम जातो. जालन्याकडे जाणाऱ्याला दिसणारी पाटी पश्चिमेकडे तोंड करून उभी असते आणि मराठवाड्यातले दुपारनंतरचे ऊन थेट अंगावर घेते. शीटची हमी सात वर्षांची असली तरी शाई दोन वर्षांची असेल, तर पाटी दोन वर्षांचीच.

म्हणून निवड करताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एकसारख्या पुष्कळ पाट्या हव्या असतील, जसे वेगमर्यादा किंवा शाळेची खूण, तर स्क्रीन प्रिंटिंग योग्य. शाईचा थर जाड बसतो आणि शीट बनवणाऱ्यानेच मान्य केलेली पारदर्शक शाई वापरता येते. जाळी तयार करण्याचा खर्च अनेक पाट्यांत विभागला जातो. गावांची नावे आणि अंतरे लिहिलेली मोठी पाटी एकच असते. तिच्यासाठी पांढऱ्या परावर्तक शीटवर हिरवा पारदर्शक पडदा चिकटवतात आणि त्यातून अक्षरे कापून काढतात. तिथे शाईच नसल्यामुळे शाई उडण्याचा प्रश्न येत नाही. अनेक रंगांची चित्रे असलेली, एकेकटी पाटी हवी असेल तर संगणकीय छपाई सोयीची आहे, पण शाई, शीट आणि वरचा संरक्षक पडदा एकमेकांना जुळणारे आहेत याची लेखी हमी घ्यावी. आणि जिथे रात्रभर दिवा असतो, अशा इमारतीच्या किंवा आवारातल्या पाटीला परावर्तक शीट लागतच नाही. तिथे भाजलेल्या एनॅमलसारखा टिकाऊ प्रकार क्वचितच दुसरा मिळेल.

पाटी उभी राहिल्यावरही काम संपत नाही. काळ्या मातीची धूळ आणि ट्रकांचा धूर शीटवर बसतो. वर्षातून दोनदा साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसली तर गेलेली चमक बरीचशी परत येते. शॉ यांच्या रबराचे काम इथे शाळेतली बादली करू शकते.

वर्गात करून पाहण्यासारखे

रात्री अंगणात उभ्या वाहनाच्या नंबरप्लेटवर विजेरीचा झोत टाकावा. आधी विजेरी डोळ्याजवळ धरावी, मग हात लांब करून. चमक कशी बदलते ते टिपावे. मग पाटीवर पाणी शिंपडून पाहावे. चमक कायम राहिली तर मणी बुडवलेले किंवा झाकलेले आहेत. दुकानातून 'रेडियम'चे तुकडे आणून भिंगातून पाहावे: गुळगुळीत, जाळीदार आणि प्रिझमचे असे प्रकार ओळखता येतात.

दुसरा प्रयोग वर्षभराचा आहे. परावर्तक शीटांवर कोणत्या शाया टिकतात, हे ठरवण्यासाठी प्रमाणसंस्था नमुने ४५ अंशांत, विषुववृत्ताकडे तोंड करून, दोन-तीन वर्षे उन्हात ठेवतात. आपल्याकडे विषुववृत्त दक्षिणेला. वेगवेगळ्या पद्धतींनी छापलेल्या लाल पट्ट्या शाळेच्या गच्चीवर तशाच ठेवाव्यात आणि प्रत्येकीचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या कागदाने झाकावा. जूनमध्ये ठेवून पुढच्या जूनमध्ये कागद काढावा. रंग कोठे किती उडाला हे मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील.

त्या शाळेने पुढे काय केले, हेही सांगायला हवे. ऑइलपेंट खरवडून काढणे शक्य नव्हते, म्हणून नवी पाटी मागवली. या वेळी कागदावर तीन ओळी लिहून दिल्या: शीटचा वर्ग, छपाईची पद्धत आणि शाईसकट पाटीची हमी किती वर्षांची. किंमत पहिल्या पाटीपेक्षा जास्त पडली. आता संध्याकाळी त्या रस्त्याने येताना लाल त्रिकोण दुरूनच दिसतो, आणि दर सहामाहीला सातवीची मुले शिक्षकांसोबत बादली आणि फडके घेऊन तो पुसून येतात.